उन्हाळ्याच्या उन्हातच पावसाळ्याची बेगमी : खान्देशातील घरासाठी सविस्तर मार्गदर्शन

भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दुपारी बारा ते चार या वेळेत गल्ल्या ओस पडतात. या उन्हापासून माणसांना, गुरांना आणि झाडांना जपावे लागते, हे खरेच आहे. परंतु हेच ऊन वर्षभराच्या धान्यातील ओल काढते, कडधान्यातील किडीची अंडी मारते, परसातील मातीतील बुरशी आणि सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म कृमी) कमी करते आणि कुरडया व बिबडे (ज्वारीचे पापड) दोन दिवसांत कडकडीत वाळवते. या सगळ्यासाठी एक पैसाही पडत नाही. रोहिणीचे ढग येऊ लागले की हवेतला कोरडेपणा जातो आणि ही संधी वर्षभरासाठी हातची निघून जाते. म्हणून कोणते काम कोणत्या आठवड्यात उरकायचे, याचा क्रम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्या कामाला उन्हाचे दिवस जास्त लागतात ते आधी आणि ज्याला पावसाची चाहूल लागते ते शेवटी, असा साधा नियम धरून पुढील मांडणी केली आहे.

पहिले काम : परसातील माती तापवणे

हे काम बहुतेक घरांत होत नाही आणि झाले तरी फार उशिरा होते. मातीला चार ते सहा आठवड्यांचे सलग ऊन लागते, त्यामुळे त्याची सुरुवात एप्रिलच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे बहुधा अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीच व्हायला हवी.

आधी वाफे तयार करून घ्यावेत. तापी-गिरणेच्या काठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पाणी धरून बसते. अशा मातीत सपाट वाफ्यांतील भाजीची मुळे सडतात. म्हणून साधारण एक मीटर रुंद आणि पंधरा ते वीस सेंटिमीटर उंच असे गादी वाफे करावेत. वाफ्याची रुंदी दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोहोचेल एवढीच ठेवली म्हणजे आत पाय देण्याची वेळ येत नाही. चांगले कुजलेले शेणखत याच वेळी मिसळावे, कारण नंतर माती खोल हलवायची नाही.

त्यानंतर वाफ्याला भरपूर पाणी देऊन माती वीतभर खोल भिजवावी. कोरड्या मातीपेक्षा ओल्या मातीत उष्णता खोलवर जाते, आणि भिजल्यामुळे फुगलेले तणाचे बी व जागी झालेली बुरशी उष्णतेला लवकर बळी पडते. वाफसा आला, म्हणजे जादा पाणी निचरून माती नुसती ओलसर राहिली, की वर पातळ पारदर्शक प्लास्टिक अंथरावे. ते २५ ते ५० मायक्रॉन जाडीचे असले तरी चालते. प्लास्टिक मातीला चिकटून, ताणून बसवावे आणि चारही कडा चरात पुरून मातीने दाबाव्यात. कागदाखाली हवेचा फुगा राहिला तर उष्णता मातीपर्यंत नीट पोहोचत नाही. येथे काळे प्लास्टिक वापरण्याचा मोह टाळावा, कारण काळा कागद स्वतःच तापतो आणि ऊन मातीपर्यंत जाऊ देत नाही.

मेच्या अखेरीस कागद काढल्यावर तो धुऊन, गुंडाळून सावलीत ठेवावा, म्हणजे पुढच्या वर्षी उपयोगी पडतो. वाफ्यात पेरणीपुरती वरची माती हलवावी. खोल खणल्यास खालचे न तापलेले तणाचे बी वर येते आणि सगळी मेहनत वाया जाते. लव्हाळा आणि हरळी मात्र या उपायाने संपत नाहीत. त्यांच्या गाठी व मुळ्या कागद घालण्याआधीच हाताने वेचून काढाव्या लागतात.

दुसरे काम : वर्षाचे धान्य

एका माणसाला दिवसाला सरासरी २०० ग्रॅम पीठ धरले, तर चार जणांच्या घराला वर्षाकाठी गहू आणि ज्वारी मिळून जवळपास तीन क्विंटल लागतात. दिवसाला ५० ग्रॅम डाळ-कडधान्य धरले तर ते सुमारे ७० ते ७५ किलो होते. खरेदीपूर्वी आपल्या घराच्या खाण्याप्रमाणे हा हिशोब मांडावा. ज्या घरात भाकरी रोज होते तिथे दादर ज्वारी जास्त आणि गहू कमी घ्यावा. कळण्याची (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) भाकरी आवडत असेल तर सालासकट उडीद वेगळा राखून ठेवावा. गरजेपेक्षा जास्त साठवणे ही बचत नव्हे, कारण दुसऱ्या पावसाळ्यात गेलेले धान्य किडीला वाढायला जागा देते.

धान्य आणल्यावर आधी चाळून, पाखडून घ्यावे. फुटके दाणे आणि भुसा यांतच किडीची सुरुवात होते. मग गच्चीवर किंवा अंगणात स्वच्छ ताडपत्री टाकून दोन ते तीन बोटे जाडीचा थर पसरावा आणि दर तासाभराने हाताने किंवा फावडीने उलथावा. गव्हाला आणि ज्वारीला अशी दोन-तीन कडक उन्हे पुरतात. साठवणीच्या वेळी तृणधान्यात १२ टक्क्यांपेक्षा कमी आणि कडधान्यात १० टक्क्यांच्या आत ओल असावी. घरी यंत्र नसते, म्हणून दोन चाचण्या कराव्यात. दाणा दाताखाली धरून फोडल्यावर कट्ट आवाज येऊन तुटला पाहिजे; नुसता दबला तर अजून ऊन हवे. दुसरी चाचणी मिठाची आहे. काचेची कोरडी बरणी घेऊन तिच्यात दोन-तीन मुठी धान्य आणि चमचाभर कोरडे मीठ घालावे, झाकण लावून काही मिनिटे हलवावे आणि थोडा वेळ तसेच ठेवावे. मीठ काचेला चिकटून राहिले तर धान्यात ओल जास्त आहे, आणि ते सुटे खाली पडले तर धान्य साठवणीच्या जवळ आले आहे.

संध्याकाळी वाळलेले धान्य गरम असतानाच कोठीत भरण्याची घाई करू नये. गरम धान्य बंद पत्र्याच्या कोठीत थंड होताना आतल्या बाजूस दव धरते आणि तळाशी व कडेला बुरशी येते. धान्य सावलीत पूर्ण निववून मगच भरावे. कोठी आधी रिकामी करून, कोपऱ्यांतील जुने पीठ-भुसा घासून काढून, उन्हात तापवून घ्यावी. जुने बारदान वापरायचे असेल तर ते उकळत्या पाण्यात बुडवून कडक उन्हात वाळवावे, कारण शिवणींमध्ये मागच्या वर्षीची अंडी आणि अळ्या असतात. कोठी जमिनीला आणि भिंतीला न टेकवता लाकडी पाटावर किंवा विटांवर, भिंतीपासून हातभर पुढे ठेवावी. धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या घरात ही काळजी अधिक लागते, कारण तिथे पावसाळ्यात भिंत ओल ओढते.

गव्हाला एरंडेलाचा हात लावण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे आणि ती उपयोगी आहे. एका क्विंटलला अर्ध्या लिटरच्या आसपास एरंडेल पुरते. ते थोडे थोडे टाकून प्रत्येक दाण्याला लागेल असे चोळावे. कडुलिंबाचा पाला सावलीत पूर्ण वाळवून थराथरात घालावा. ओला पाला घातला तर त्याचीच ओल धान्याला लागते.

येथे एक गोष्ट ठामपणे सांगणे भाग आहे. कोठीत घालण्याच्या कीडनाशक गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या, राहत्या घरात कधीही वापरू नयेत. हवेतील ओलीने त्यांतून फॉस्फिन हा अतिविषारी वायू सुटतो, तो खोलीभर पसरतो आणि बंद घरात झोपलेल्या माणसांचा, विशेषतः लहान मुलांचा जीव घेतो. पाऱ्याच्या गोळ्या आणि बोरिक पावडरही खाण्याच्या धान्यात घालू नये. एक पोते धान्य किडले तर तेवढ्यापुरते नुकसान होते. जिवाची भरपाई कशानेही होत नाही.

कडधान्य आणि डाळ : सर्वांत जास्त लक्ष द्यावे असा भाग

हरभरा, मूग, चवळी आणि तूर यांना लागणारा भुंगेरा अनेकदा शेतातूनच सोबत येतो. मादी शेंगेवर किंवा दाण्यावर अंडी चिकटवते. हरभरा किंवा मूग उजेडात निरखून पाहिला तर दाण्याच्या गुळगुळीत सालीवर पांढरा, खसखशीपेक्षाही लहान ठिपका दिसतो. तेच हे अंडे. अळी तिथूनच आत शिरते आणि महिनाभरात गोल भोक पाडून भुंगेरा बाहेर येतो. म्हणजे दाण्याला भोक दिसते तेव्हा एक पिढी वाढून झालेली असते. बाहेरून स्वच्छ दिसणारे कडधान्य तसेच डब्यात भरणे म्हणूनच धोक्याचे असते.

यावर खान्देशच्या उन्हाइतका चांगला उपाय नाही. गच्चीवर काळी ताडपत्री किंवा काळे जाड कापड अंथरावे, त्यावर कडधान्याचा जेमतेम दोन-तीन दाण्यांचा थर पसरावा, वर पारदर्शक प्लास्टिक झाकावे आणि कडा विटांनी दाबाव्यात. मेच्या दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान आतील तापमान ६० अंशांच्या जवळ जाते. ५७ अंशांवर तासभर राहिले तर भुंगेऱ्याची अंडी, अळ्या, कोष सर्व मरतात. सुरक्षिततेसाठी दोन ते तीन तास ठेवावे. कागदाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब धरले तर कडधान्य अजून ओले आहे असे समजून ते आधी एक-दोन दिवस उघड्यावर वाळवावे. पेरणीसाठी राखलेले बियाणे मात्र या पद्धतीने तापवू नये, त्याच्या उगवणीवर परिणाम होऊ शकतो.

तापवून निवलेले कडधान्य त्याच संध्याकाळी हवाबंद भरावे. रात्रभर उघडे ठेवल्यास भुंगेरे पुन्हा येऊन अंडी घालतात. घट्ट झाकणाचा डबा किंवा गोणीच्या आत जाड प्लास्टिकची दुहेरी पिशवी घेऊन, ती दाबून हवा काढून तोंड पीळ देऊन बांधावी. डबा जितका गच्च भरलेला असेल तितकी आत हवा कमी राहते, म्हणून एका मोठ्या अर्ध्या डब्यापेक्षा महिन्याच्या गरजेएवढे लहान भरलेले डबे बरे.

तुरीच्या बाबतीत याहून चांगला मार्ग म्हणजे मे महिन्यातच डाळ करून ठेवणे. भुंगेऱ्याला अंडी घालायला अखंड, गोल, गुळगुळीत दाणा लागतो. सोललेल्या, फुटक्या डाळीवर त्याची वाढ फारशी होत नाही. तूर जात्यावर किंवा गिरणीत हलकी भरडून घ्यावी, म्हणजे साल चिरते. मग तिला तेलाचा हात चोळून दोन-तीन दिवस उन्हात घालावे. त्यानंतर पाणी शिंपडून रात्रभर ढिगात झाकून ठेवावे, पुन्हा कडक वाळवावे आणि मग भरडावे. साल सुटते आणि डाळ अखंड पडते. नवापूर भागातील तुरीच्या डाळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्या बाजूची तूर मिळाली तर ती अवश्य घ्यावी. भरडताना निघालेली चुणी आणि टरफले गुरांना घालावीत. घरची डाळ विकतच्या पॉलिश डाळीसारखी चकचकीत दिसत नाही, परंतु तिची चव आणि शिजणे यांत मला ती कायम सरस वाटली आहे.

वाळवण

अखाजीला लेकी माहेरी येतात आणि घरात हात वाढतात. कुरडया आणि बिबड्यांचे काम याच दिवसांत धरण्याची रीत त्यामुळेच सोयीची आहे.

कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवावा आणि रोज पाणी बदलावे. ते बदलले नाही तर चिकाला आंबूस वास येतो आणि तळल्यावरही तो जात नाही. चौथ्या दिवशी गहू वाटून, पाण्यात कालवून गाळून घ्यावा आणि चीक रात्रभर निवळू द्यावा. पहाटे वरचे पाणी अलगद ओतून टाकावे. जितका चीक तितकेच पाणी मोजून, मीठ घालून उकळावे आणि त्यात चीक धारेने ओतत एकसारखे ढवळावे. सुरुवातीला तो पांढरा आणि गुठळ्यांचा दिसतो, मग हळूहळू काचेसारखी झाक येते आणि उलथन्याला लागून ओढला जातो. ही झाक येण्यापूर्वी उतरवलेल्या चिकाच्या कुरडया वाळताना तुटतात. चीक गरम असतानाच सोऱ्यातून पाडावा, म्हणून पहाटे चारला चूल पेटवून ऊन चढण्यापूर्वी घालून मोकळे होणे उत्तम. पहिल्या दिवशी संध्याकाळी कुरडया उलटाव्यात आणि दुसऱ्या दिवशी खडखडीत वाळवाव्यात.

ज्वारीच्या बिबड्यांनाही हेच तत्त्व लागू आहे. आधी पूर्ण शिजवणे, गरम असताना पातळ थापणे आणि तीळ, लसूण, मिरची, मीठ यांचे प्रमाण थोडे कमीच ठेवणे, कारण वाळल्यावर चव दाटते. पापड, शेवया यांविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही.

भाज्यांच्या वाळवणाकडे मात्र आपण अलीकडे दुर्लक्ष करतो. मेथी सावलीत वाळवावी, म्हणजे तिचा रंग राहतो. गवारीला उकळत्या मिठाच्या पाण्यातून काढून मग ऊन द्यावे. कैरीच्या फोडींना मीठ लावून आंबोशी करावी. आषाढात बाजारात भाजी महाग आणि चिखलाने भरलेली येते, तेव्हा हे डबे कामाला येतात. मिरची नंदुरबारकडच्या पथाऱ्यांवर वाळून बाजारात येते, पण ती आणल्यावर घरी पुन्हा दोन उन्हे द्यावीत. देठापाशी किंचित मऊ असलेल्या मिरचीला आतून बुरशी लागते, आणि अशी मिरची तिखटात दळली की ओळखू येत नाही. मिरची वाकवल्यावर मोडली पाहिजे आणि हलवल्यावर आतले बी वाजले पाहिजे.

तिसरे काम : छप्पर आणि पाणी

मेच्या मध्यानंतर वादळी वारे सुरू होतात. रावेर-यावल भागातील केळीच्या बागा या वाऱ्यांनी आडव्या होतात, आणि त्याच वाऱ्याने घराचे पत्रेही उडतात. पत्र्यावर दगड ठेवून भागवू नये. वाऱ्याने पत्रा उचलला की तोच दगड खाली येतो. हुक आणि बोल्ट पाहून सैल असतील ते आवळावेत, गंजलेले बदलावेत. धाब्याच्या घरावर वाढलेले गवत मुळासकट काढून, उंदरांची बिळे बुजवून, खाऱ्या मातीचा थर देऊन चोपून घ्यावा आणि पाण्याचा उतार पन्हाळीकडे आहे याची खात्री करावी. सिमेंटच्या गच्चीवर मार्चमध्येच चुन्याचे दोन हात दिलेले असतील तर खालची खोली जाणवण्याइतकी थंड राहते. चुना भिजवताना तो उसळतो, म्हणून डोळे जपावेत आणि मुलांना दूर ठेवावे. घरातील वायरिंग आणि अर्थिंग याच आठवड्यात जाणकाराकडून तपासून घ्यावे.

पावसाच्या पाण्याचा हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. पन्नास चौरस मीटरच्या छपरावर हंगामात ६०० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी २४,००० लिटर पाणी हाती येते. ते सगळे साठवण्याइतकी टाकी क्वचितच कोणाकडे असते, म्हणून पहिले एक-दोन पाऊस छप्पर धुऊन जाऊ द्यावेत, मग घरकामापुरते पाणी टाकीत घ्यावे आणि उरलेले गाळणीतून विहिरीकडे, कूपनलिकेकडे किंवा शोषखड्ड्याकडे वळवावे. गाळणीत तळाशी मोठे दगड, त्यावर खडी आणि सर्वांत वर वाळू असावी, आणि वरची वाळू दरवर्षी धुवावी. टाकीच्या प्रत्येक तोंडाला जाळी बांधावी. आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी, हौद, कूलरची टाकी रिकामी करून घासून कोरडी ठेवावी, म्हणजे डासांची अळी वाढत नाही.

सरपण, पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) आणि तुऱ्हाट्या (तुरीच्या काड्या) पहिल्या पावसाआधी झाकून ठेवाव्यात, परंतु घराच्या भिंतीला लागून रचू नयेत. अशा ढिगात उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतो. त्यातील लांब, सरळ तुऱ्हाट्या वेलांच्या मांडवासाठी वेगळ्या काढाव्यात.

चौथे काम : परसबाग

मृग ७-८ जूनला लागतो, पण परसबागेची सुरुवात त्याच्या दोन आठवडे आधी बियाणे तपासण्यापासून होते. वीस बिया ओल्या सुती फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवाव्यात. आठवडाभरात पंधराहून कमी उगवल्या तर बी दाट पेरावे, आणि दहाहून कमी उगवल्या तर ते बदलावे.

भरिताच्या वांग्यांची रोपे मेच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला तापवलेल्या वाफ्यात टाकावीत. साधारण पाच आठवड्यांनी, चार-पाच पाने आली आणि पाऊस स्थिर झाला की ती ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी लावावीत. दोन झाडांत सुमारे तीन फूट अंतर हवे, कारण ही झाडे पसरतात. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हिरवट, पांढऱ्या रेघांचे, कमी बियांचे हे वांगे थंडीत खरे रंगात येते. घरापुरती सहा-सात झाडे पुरेशी आहेत. शेंडा वाळून खाली लवला की त्यात अळी आहे असे समजावे, तो तिथल्या तिथे खुडून नष्ट करावा. नियमित खुडल्यास घरच्या बागेत फवारणीची गरज फार कमी पडते.

गिलके, दोडके, कारले आणि डांगर यांच्यासाठी कुंपणालगत हातभर खोल खड्डे करून, शेणखत-माती भरून, प्रत्येकात तीन बिया टोबाव्यात आणि नंतर जोमदार एकच वेल राखावा. भेंडी, गवार आणि चवळी वाफ्यात थेट पेराव्यात. पोकळा आणि अंबाडी थोड्या जागेत, पण पंधरा दिवसांच्या अंतराने पेरल्यास पाला सतत मिळतो. एकदम सगळे बी पेरले की आठवडाभर खूप भाजी येते आणि मग काहीच उरत नाही. न्हाणीच्या सांडपाण्याकडे केळी किंवा अळू लावावे. नवापूर-अक्कलकुव्याकडे पाऊस जास्त असल्याने तिथे वाफे आणखी उंच करावेत आणि भोवती चर काढावेत. अमळनेर-पारोळ्यासारख्या कमी पावसाच्या भागात वाफ्यावर वाळलेल्या पाल्याचे आच्छादन देऊन ओल धरून ठेवणे अधिक आवश्यक आहे.

पावसाळ्यातील देखरेख

भरलेली कोठी पावसाळ्यात वारंवार उघडू नये. दर वेळी झाकण निघाले की दमट हवा आत जाते. दोन-तीन आठवड्यांचे धान्य एका वेळी काढून लहान डब्यात ठेवावे, आणि तेही पावसाची उघडीप पाहून, दुपारच्या वेळेस. श्रावणात कानबाई या देवीच्या सणाच्या रोटांसाठी धान्य काढताना कोपरापर्यंत हात घालून आतील धान्य चाचपावे. ते हाताला गरम किंवा चिकट लागले, अथवा कुबट वास आला, तर आत कीड किंवा बुरशी सुरू झाली आहे असे समजावे. त्या कोठीतील धान्य लगेच बाहेर काढून घरात पंख्याखाली पसरावे आणि चाळून घ्यावे. काळवंडलेले, जाळी धरलेले किंवा बुरशीचे दाणे धुऊन वापरण्याचा प्रयत्न न करता वेगळे करून फेकावेत, गुरांनाही घालू नयेत. उरलेल्या धान्याला पहिले चांगले ऊन पडताच दिवसभर द्यावे, निववावे आणि ते वर्षाच्या साठ्यात परत न मिसळता आधी दळून संपवावे.